सामाईक पाच लाख

मोरू घरतांचं कार्ड आलं त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

सुनेने, म्हणजे सुचिताने, पेणच्या दुकानातून त्याची छपाई करून, वर प्लास्टिक चढवून आणलं होतं. मोरूने आधी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मग दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी सरकारचं आरोग्य विम्याचं कार्ड! श्रीमंत असो की गरीब, वय भरलं की झालं. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार फुकट.

"पाच लाख," मोरू हळूच म्हणाला. बहात्तर वर्षांत त्याने पाच लाखांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आता त्यावर त्याचाच फोटो होता.

फोटो जरा दचकल्यासारखा आला होता, पण त्याला कारण होतं. जन्मभर मिठागरात राबून मोरूच्या बोटांच्या रेषा मिठाने खाऊन टाकल्या होत्या. अंगठा लावला की यंत्र म्हणायचं, असा माणूसच नाही. मग सुचिताने मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवायचं ठरवलं. मोबाइल म्हणत होता, डोळे मिचकवा. आणि मोरू, सरकार समोर बघतंय म्हटल्यावर, डोळे ताणून बसलेला. सरकारला कोणी डोळा मारतं का? शेवटी खारमाळ गावच्या एका माशीला दया आली, ती त्याच्या पापणीवर बसली आणि ओळख पटली.

मोरूची बायको सगुणा कार्डाला कुंकू लावायला उठली, तेवढ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली सुचिता म्हणाली, "बाबा, एक मिनिट. हे सदा पांडू घरत कोन? फॅमिली मेंबर दाखवतंय आपल्यात."

सगुणा उठलेली तशीच खाली बसली.

सदा पांडू घरत हा मोरूचा सख्खा थोरला भाऊ. राहायला पलीकडच्या भिंतीला. सुचिता लग्न होऊन आली ती या भांडणानंतर, त्यामुळे तिला तो "पलीकडचे" या नावानेच ठाऊक होता. तेवीस वर्षांपूर्वी एका उधाणाच्या दिवशी खाडीच्या बांधावरची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडं राहिलं. भरतीचं पाणी आत शिरलं आणि दोघांच्या मिठाच्या राशी विरघळून परत समुद्रात गेल्या. उघाडी लावायची पाळी कोणाची होती यावर दोघांचं एकमत कधीच झालं नाही. सदा म्हणे मोरूची, मोरू म्हणे सदाची. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मग वाटण्या झाल्या. घराच्या मधोमध भिंत आली, शेत वाटलं, नारळ वाटले, विहिरीवर कोणी कोणत्या बाजूने पाणी काढायचं तेही ठरलं. फक्त रेशनकार्ड वेगळं करायचं राहिलं. कारण त्यासाठी तहसील कचेरीत दोघांनी एकत्र उभं राहायला हवं होतं, आणि एकत्र उभं राहायचं असतं तर वाटण्या कशाला केल्या असत्या? पुढे केशरी कार्डावर मिळण्यासारखं काही उरलं नाही, तसं ते कार्डही कोणाच्या लक्षात राहिलं नाही. सरकारच्या मात्र राहिलं. पंचांनी, पाहुण्यांनी, खुद्द ग्रामदेवतेने ज्यांच्यापुढे हात टेकले, ते दोन भाऊ सरकारच्या संगणकात गेली तेवीस वर्षं एकाच चुलीवर जेवत होते. धन्य तो संगणक!

"म्हंजे त्याला पन पाच लाख?" मोरूने विचारलं.

"तसं नाय बाबा." सुचिताने पुन्हा वाचलं. "पाच लाख पूर्ण फॅमिलीला. एका घरात सत्तरच्या वरचे दोन जन असतील तर दोघांत मिलून शेअर करायचे."

"वाटा कसा? निम्मा निम्मा?"

"नाय ना. ज्याला जेवढे लागतील तेवढे. त्यातून जे उरेल ते दुसऱ्याला."

मिठागरातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. रास एकच, आणि ज्याची होडी आधी लागेल तो भरून नेणार. मोरूने कार्ड खाली ठेवलं.

"त्याला काय आजार हाय?" त्याने सगुणाला विचारलं.

भाऊ बोलत नसले तरी जावा बोलत होत्या. सगुणा आणि सदाची बायको आवडाबाई यांचं बोलणं भिंत उभी राहिली त्याच दिवशी भिंतीच्या मागच्या बाजूने सुरू झालं होतं. कालवणाची वाटी इकडून तिकडे जायची, तिच्याबरोबर बातमी जायची. मोरूला हे माहीत होतं, पण माहीत नसल्यासारखं करायची त्याची पद्धत होती.

"गुडघं गेलंन त्यांचं," सगुणा म्हणाली. "दोनी बदलाचं हान. सगल्या तपासन्या जाल्यान. सोमवारी दाखल होनार."

मोरूचा चेहरा उतरला. गावातल्या एका निवृत्त बंदर कामगाराने खासगी दवाखान्यात एक गुडघा बदलून घेतला होता, त्याला साडेतीन लाख लागले होते. हा आकडा खारमाळमध्ये लहान मुलांनाही पाठ होता.

"पाच लाखात दीड गुडघा व्हतं," मोरूने हिशेब केला. "म्हंजे सगलं त्याचंच. आनी माजा हर्निया?"

हर्निया मोरूला सहा वर्षं होता. खोकला आला की पोटाला हात लावायचा, शिंक आली की भिंत धरायची. पैसे नाहीत म्हणून तो ऑपरेशन पुढे ढकलत आला होता. आता पैसे आले होते, आणि ते पलीकडचा नेणार होता.

"सोमवारी मीच पयला जानार," तो म्हणाला.

"अवो, पन तुमचा हर्निया सा वरसं थांबला..."

"तो थांबंल. पैसं नाय थांबनार."

सोमवारी पहाटेच सुचिताने स्कूटरवर मागे सासऱ्याला बसवलं. दर खड्ड्याला मोरू पोट धरत होता आणि "चालव, चालव" म्हणत होता. सगुणा मागून एसटीने येणार होती. योजनेत नाव असलेलं मोठं रुग्णालय पनवेलच्या बाजूला होतं. तिथे मोरू पोचला तेव्हा चौकशीची खिडकीसुद्धा उघडली नव्हती. रांगेत त्याच्यापुढे कोणीही नव्हतं. जन्मात प्रथमच तो सदाच्या आधी कुठे पोचला होता.

खिडकीपलीकडे रुचिका नावाची आरोग्यमित्र होती. योजनेच्या पेशंटला मदत करायला रुग्णालयात नेमलेली मुलगी. मोरूने कार्ड काचेवर ठेवलं.

"सगलं करून टाका," तो म्हणाला.

"सगळं म्हणजे काय, आजोबा?"

"हर्निया पयला. मंग डोलं. मंग कान, डाव्या कानात शिटी वाजते. दात बी सगलं नवं बसवा. पाच लाख होईपरेंत जे बसंल ते बसवा."

रुचिकाने हसू आवरलं. "आजोबा, हे असं नसतं. डॉक्टर तपासतील, दाखल करून उपचार करायची गरज असेल तेच या योजनेत होतं. नुसतं दाखवून गोळ्या घेऊन जायचं ते नाही. दात बसवणं तर नाहीच."

"दात नाय?" मोरूला वाईट वाटलं. दात महाग असतात असं त्याने ऐकलं होतं.

"पण हर्निया होईल. जुना आजार आहे म्हणून अडवत नाहीत, आणि दाखल असेपर्यंत औषध, तपासण्या, जेवण, सगळं त्यातच. आधी डॉक्टरांना दाखवा. मग मी मंजुरीला पाठवते."

"म्हंजे अजून मंजूर नाय?"

"तपासणीनंतर."

रांगेत पहिला लागूनही आपण पहिले नाही, हे मोरूला दुपारी कळलं. तो ईसीजी काढायला अंगावर वायरी लावून पडलेला असताना रुचिका आत डोकावली. "आजोबा, तुमच्या कुटुंबातल्या एकांना आत्ताच मंजुरी आली. सदा घरत, दोन्ही गुडघे. तुमचे कोण?"

मोरूने डोळे मिटून घेतले. सदाच्या तपासण्या आठवड्यापूर्वीच झाल्या होत्या. तो दहाच्या एसटीने आरामात आला, कागद दिले आणि रास भरून घेऊन गेला. रुचिका पुढेही काहीतरी सांगत होती, पण मोरूने ऐकणं सोडून दिलं होतं.

तेवढ्यात ईसीजी काढणाऱ्या बाईने कागद पाहिला आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. हर्नियाचं नाव कोणी काढेना.

"आजोबा, छातीत दुखत नाही कधी?"

"नाय. बांधावर चढताना जरा थांबतो, दोन मिंटं. मंग परत चालतो."

"किती दिवस झाले?"

"दिवस? जाली असतील दोन-तीन वरसं."

मंगळवारी हाताच्या शिरेतून नळी घालून मोरूच्या हृदयाचा फोटो काढला. मोरू जागाच होता. बाजूच्या पडद्यावर त्याला ते दिसलं. काळ्या-पांढऱ्या रंगात, मुठीएवढं, हलणारं. जन्मल्यापासून एक दिवस रजा न घेता हे आत असं चाललं होतं आणि आपण कधी चौकशीही केली नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"तीन मोठ्या शिरा बंद आहेत," डॉक्टर सगुणाला आणि सुचिताला म्हणाले. "चौथीवर चाललंय. बायपास करावी लागेल, आणि लवकर. हर्नियाचं नंतर बघू. तो दुखत होता म्हणून आले हे नशीब समजा."

सगुणाने पदर तोंडाला लावला. मोरू मात्र शांतपणे म्हणाला, "मना नको. घरी जातो."

"अहो आजोबा, यात जिवाला धोका आहे!"

"असूंदे."

डॉक्टर समजावून थकले. भीती वाटते का, विचारलं. नाही म्हणाला. मग कारण काय? कारण सांगायचं तर सदाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते नाव तेवीस वर्षांत त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. दोन गुडघ्यांनी पाच लाख खाल्ले, वर मुलगा दिपेश, आधीच ट्रेलरचे हप्ते भरता भरता वाकलेला, त्याला कर्जात घालायचा? त्यापेक्षा चौथी शीर जोवर चालते तोवर चालेल. असा त्याचा हिशेब होता, आणि तो त्याने मनातच ठेवला.

पण सगुणाला नवऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कळायला शब्द लागत नसत. ती उठली, व्हरांड्यात गेली आणि आवडाबाईला फोन लावला. आवडाबाई फार लांब नव्हती, बरोबर एक मजला वर होती.

अर्ध्या तासाने वॉर्डाच्या दारातून एक चाकाची खुर्ची आत आली. खुर्चीत सदा. अंगात रुग्णालयाचा हिरवा झगा, डोक्यावर मात्र स्वतःची टोपी. खुर्ची ढकलत होती आवडाबाई, आणि हातात फाइल घेऊन मागून धावत येत होती रुचिका.

"आजोबा, असं मध्येच रद्द करता येत नाही हो! उद्या तुमचं ऑपरेशन आहे!"

खुर्ची मोरूच्या खाटेपाशी थांबली. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. सदा सलाईनच्या बाटलीकडे बघत रुचिकाला म्हणाला, "पोरी, त्याला सांग. माजं गुडघं रद्द. पैसं त्याच्या काळजाला लाव."

रुचिका गोंधळली. "आजोबा, ते म्हणतायत की..."

"आयकलं," मोरू खिडकीकडे बघत म्हणाला. "त्याला सांग, मना कोनाचं उपकार नकोत. मंजूर त्याचं जालंय, त्यानं करावं."

"आजोबा, ते म्हणतायत..."

"मना कान हान," सदा म्हणाला. "त्याला सांग, तू लाना हायेस, गप ऱ्हाव."

"त्याला सांग, बहात्तर वरसांचा हाय मी!"

"त्याला सांग, मी पंच्याहत्तरचा हाय!"

समोरच्या खाटेवरच्या पेशंटने उशी उंच करून घेतली. बिचारी रुचिका एकदा इकडे, एकदा तिकडे मान फिरवत होती. तिच्या प्रशिक्षणात हे कुठेच नव्हतं.

मग सदाचा आवाज जरा खाली आला.

"त्याला सांग," तो म्हणाला, "मना गुडघं कशाला पायजेत? चालत जावाचं घर एकच व्हतं. तिथं तेवीस वरसं गेलो नाय."

हे वाक्य रुचिकाने पुढे पोचवलं नाही. तिला ते जमलं नाही. तशी गरजही नव्हती.

मोरूने खिडकीवरून मान वळवली. भावाकडे पाहिलं. टोपीखालचे केस पांढरे झाले होते, ते त्याला रोज दिसायचे, पण इतक्या जवळून त्याने आज पाहिले.

"दादूस," तो म्हणाला.

सगुणा आणि आवडाबाई, दोघीही रडत होत्या. डोळे पुसून रुचिकाने फाइल उघडली.

"आता माझं कोणी ऐकणार आहे का?" ती म्हणाली. "पैसे उरतात हेच मी काल सांगत होते, तर या आजोबांनी डोळे मिटून घेतले. कोणाचंही काही रद्द करायची गरज नाही. गुडघ्यांचे पैसे जाऊनही बायपासपुरते शिल्लक आहेत. दोन्ही बसतं."

"बसतं?" सदाने विचारलं. "एक गुडघा साडेतीन लाखाला हाय!"

"ते खासगी बिल, आजोबा. योजनेत प्रत्येक ऑपरेशनचा दर सरकारने आधीच ठरवलेला असतो, आणि तो पुष्कळ कमी असतो. दोन गुडघे, एक बायपास, आणि नंतर यांचा हर्निया. सगळं मिळूनही थोडे उरतील."

"उरतील?" मोरू म्हणाला.

"उरतील," रुचिका म्हणाली.

दोन गुडघे, एक काळीज आणि एक हर्निया, आणि वर उरतात! मोरूने दोन्ही हात जोडले. कोणाला जोडले ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. समोर रुचिका होती, तिनेच ते घेतले.

"त्याला सांग," सदा रुचिकाला म्हणाला, "उरलेल्यात दात बसव."

"दात नाय बसत त्याच्यात," मोरू म्हणाला. "मी इचारलंय."

बुधवारी सदाचे गुडघे झाले. शुक्रवारी मोरूची बायपास झाली. त्या दिवशी सदा, नव्या गुडघ्यांवर दोन दिवसांपूर्वीच टाके पडलेले असताना, चाकाच्या खुर्चीत बसून खालच्या मजल्यावर आला आणि ऑपरेशनच्या दाराबाहेर पाच तास बसून राहिला. नर्स ओरडली, फिजिओवाला ओरडला, आवडाबाई ओरडली. तो हलला नाही.

पंधराएक दिवसांनी मोरूला घरी सोडायच्या दिवशी, वरच्या मजल्यावर व्यायामासाठी थांबलेला सदा लिफ्टने खाली उतरून, वॉकर घेऊन, एक एक पाऊल टाकत त्याच्या खाटेपाशी आला. डॉक्टरांनी त्याला आधी भिंतीपर्यंत चालायला सांगितलं होतं. तो भिंत सोडून थेट भावापर्यंत आला. मोरू छातीवर हात ठेवून ते बघत राहिला. घरी जायच्या गोळ्यांची पिशवी सगुणा बांधत होती, तेवढ्यात सुचिता एक अर्ज घेऊन आली.

"बाबा, मी सगली चौकशी केली," ती उत्साहाने म्हणाली. "तुमचं रेशनकार्ड वेगलं करून टाकायचं. मग पुढच्या वर्षापासून दोघांचे पाच-पाच वेगले होऊ शकतात. टोटल दहा! या फॉर्मवर दोघांनी सही केली की मी पुढचं बघते. किती सिंपल होतं, तेवीस वर्षं कोनी केलंच नाय!"

दोघांनी अर्ज पाहिला. मोरूने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"मंग तुज्या मोबाइलात आमच्यात सदा पांडू घरत दाखवंल?"

"नाय ना बाबा. तेच तर. तुमी वेगली फॅमिली, ते वेगली."

मोरूने अर्ज सदाकडे दिला. सदाने चष्मा लावून सगळा अर्ज वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. मग त्याच्या व्यवस्थित चार घड्या केल्या आणि तो डुगडुगणाऱ्या औषधांच्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल डुगडुगायचं थांबलं.

"अवो मोठे बाबा... काका... दहा लाख!" सुचिता म्हणाली. पलीकडच्यांना काय म्हणायचं तेही तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"पाच पुरं हान," सदा म्हणाला. मग त्याने भावाकडे बोट रोखलं. "पन आयकून ठेव मोऱ्या. पुढच्या वरसाला कुनाला काय जालं, तर नंबर पयला माजा."

"पयला तुजाच, दादूस," मोरू म्हणाला. "मी थांबतो."